चित्रासमोरचा पाट

अनंत रूपे घडवूनही जो कोणत्याही एका रूपात मावत नाही, त्या परमेश्वराला प्रथम वंदन करतो, आणि माझे दिवंगत स्नेही, खामगावचे चित्रकार उत्तमराव तायडे यांच्या स्मरणार्थ हा लेख लिहावयास घेतो. त्यांना जाऊन आता महिना उलटला. या अवधीत त्यांच्या कलेविषयी जाणकारांनी पुष्कळ लिहिले. माझा तो अधिकार नव्हे. मी संस्कृतचा शिक्षक. रंगांचे माझे ज्ञान पूजेच्या तबकातील हळदीकुंकवापुरते. पण एकाच शाळेत आम्ही उभे आयुष्य शिकवले, आणि त्यांच्या एका चित्राला आरंभापासून शेवटपर्यंत मी साक्षी होतो. त्या चित्राची हकिगत सांगण्याचे काम माझ्याकडे आले आहे, असे मी मानतो.

बातमी आली तेव्हा मी देवापुढे बसलो होतो. गंध उगाळून झाले होते, बोट देवाच्या चरणांकडे नेणार तोच फोन वाजू लागला. पूजेत मी फोन घेत नाही, हे परिचितांना ठाऊक आहे. तरी तो वाजतच राहिला, तेव्हा सूनबाईने उचलला आणि माझ्या कानाशी धरला. पलीकडे उत्तमरावांची मुलगी सुजाता होती. "गुरुजी, बाबा गेले... पहाटे, झोपेतच." गंध बोटावरच वाळले. पुन्हा उगाळून चरणांना लावले तेव्हा मनात आले, उत्तमराव जवळ असते तर नक्की म्हणाले असते, "बरोबर करून राह्यले गुरुजी. खालूनच सुरू करा लागते."

हे ते का म्हणाले असते, त्यासाठी आमच्या पहिल्या भेटीकडे जावे लागेल. चित्रकलेचे नवे शिक्षक म्हणून ते शाळेत रुजू झाले तेव्हा मी तेथे काही वर्षे जुना होतो. सडपातळ अंगाचा, बाह्या दुमडलेला, बोलण्यात खास वऱ्हाडी ठसका असलेला हा तरुण पूर्वी सिनेमाचे फलक रंगवीत असे आणि त्याच कमाईवर नागपूरला जाऊन चित्रकला शिकून आला, एवढे आमच्या कानावर होते. एके दिवशी मधल्या सुट्टीत ते शाळेच्या शिपायाला समोर उभे करून कागदावर कोळशाने काही काढत होते. मी मागून डोकावलो. कागदावर फक्त दोन पावले होती. भेगाळलेल्या टाचा, अंगठ्याचे तुटके नख, उजव्या पायावर किंचित अधिक पडलेला भार. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा चित्र गुडघ्यापर्यंत आले होते. मी म्हणालो, "उत्तमराव, मनुष्याचे चित्र मुखापासून आरंभावे, असे मला वाटत होते." ते म्हणाले, "तोंड तं कोनीबी तयार करून येते गुरुजी. पायाले तयारी कराचं सुचतच नाई."

मी त्यांना आमच्या काव्यशास्त्रातील एक संकेत सांगितला. कवी मनुष्याचे वर्णन करतो तेव्हा मस्तकापासून खाली येतो. देवाचे वर्णन मात्र चरणांपासून आरंभून मुखाकडे चढत जाते. पूजेतही पाद्य आधी. उत्तमरावांनी कोळसा तसाच बोटांत धरून हे ऐकले, शिपायाकडे एकवार पाहिले आणि म्हणाले, "घ्या! म्हंजे तुमच्या शास्त्रानं हा नामदेव देव झाला. नामदेवा, आता घंटा तू नोको देऊ, आमी तुयासाठी वाजवतो." नामदेव इतका हसला की पायांवरचा भार बदलला, आणि चित्र पुन्हा पहिल्यापासून काढावे लागले.

तेव्हापासून आमचा स्नेह जुळला. ते तथागतांना शरण गेलेल्या घरातले, मी सोवळ्याओवळ्यात वाढलेला. देवाविषयी आमचे कधी एकमत झाले नाही, आणि ते व्हावे अशी घाई दोघांपैकी कोणालाच नव्हती. गावातील एका देवस्थानाने त्यांना सभामंडपासाठी श्रीरामाचे चित्र काढावयास सांगितले, तेव्हा मीच मध्यस्थी केली होती. त्यांनी हात जोडून नकार दिला. म्हणाले, "म्या पाह्यलं नाई त्याले काढत नाई, गुरुजी. उद्या कोनी म्हनलं, नाक चुकलं, तं कोनाले इचारू?" विश्वस्त रागावले. मला मात्र त्या नकारात श्रद्धेसारखेच काही जाणवले. न पाहिलेले काढायचे नाही, हा त्यांचा नेम होता, आणि पुढे हाच नेम त्यांना फार महाग पडला.

त्यांच्या घराच्या मागल्या अंगाला पत्र्याची एक मोठी खोली होती. तिथे एक तरट अंथरलेले असे. चित्रासाठी येणाऱ्याने त्या तरटावर अनवाणी उभे राहायचे; खुर्ची नाही, टेकायला भिंत नाही. दिवसामागून दिवस नुसते पायांचेच काम चाले. माणूस कंटाळे, मग उभे राहण्याची ऐट सोडून देई, आणि उत्तमराव नेमकी त्याचीच वाट पाहत. रोहिणखेडच्या रहीमाबी बांगड्या विकायला खामगावात येत. डोक्यावरची टोपली उतरवून त्या अशाच उभ्या राहिल्या होत्या. एका सकाळी मी तिथे असताना त्यांचा धीर सुटला. "पेंटरभाई, चूडियाँ हाथ में होती हैं. तुम हफ्तेभर से पैर में क्या ढूँढ रहे?" उत्तमराव मान वर न करता म्हणाले, "आपा, टोपली डोक्यावर असते, पन वजन कुठी जाते?" रहीमाबींनी स्वतःच्या पावलांकडे पाहिले. ते चित्र पुढे मुंबईच्या प्रदर्शनात गाजले.

एका पुढाऱ्याची गोष्ट तर अजून गावात सांगतात. पूर्णाकृती चित्र हवे म्हणून ते लवाजम्यासह आले. उत्तमराव म्हणाले, "बूट काढा साहेब." साहेब टाळू लागले. बूट चकचकीत आहेत, चित्रात तेच काढा, म्हणाले. "बूट पाह्यचे तं दुकानात जातो ना मी," उत्तमराव म्हणाले. शेवटी बूट निघाले आणि मोज्याच्या भोकातून साहेबांचा अंगठा बाहेर डोकावला. लवाजमा छताकडे पाहू लागला. उत्तमराव शांतपणे म्हणाले, "हा बरा हाय. हाच एकटा भाषन करून नाई राह्यला." साहेब क्षणभर लाल झाले आणि मग स्वतःच हसत सुटले. त्यांचे ते चित्र मी पाहिले आहे. अनवाणी, पोट सुटलेला, काहीसा दमलेला गृहस्थ. मते मागायला आलेला मनुष्य त्यात कुठे दिसत नाही.

गावात असा कलावंत असला की लोक आपल्या गेलेल्या माणसांची चित्रे काढून घ्यायला येतातच. हातात छायाचित्र असे, आणि छायाचित्र म्हणजे बहुधा खांद्यापासून वरचे. उत्तमराव ते बाजूला ठेवीत आणि विचारत, "त्यायच्या चपला हायेत काय घरी?" पुष्कळांना हा प्रश्न विचित्र वाटे. काही जण परत येत नसत. जे येत, ते कागदात गुंडाळलेला एखादा झिजलेला जोड घेऊन येत. उत्तमराव तो उजेडात धरून उलटसुलट पाहत. टाच कोणत्या बाजूने झिजली, अंगठ्याचा दाब कुठे उमटला. मग विचारत, "उजव्या पायानं जराक लंगडत होते काय?" आणि समोरची विधवा किंवा मुलगा एकाएकी बोलू लागे. चित्र राहो बाजूला. त्या खोलीत मी माणसांना आपल्या मृतांविषयी जितके मोकळेपणी बोलताना ऐकले, तितके तेराव्या दिवशीही ऐकलेले नाही.

असाच एक जण येऊन गेल्यावर उत्तमराव मला म्हणाले, "लोकायजोळ तोंड असते, पाय नसतात. माह्यं उलटं हाय." आणि भिंतीशी पाठमोरा टेकवलेला एक भलामोठा कॅनव्हास त्यांनी वळवला. त्यावर, खालच्या भागात, एका स्त्रीची पावले होती. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. एका बोटातले जोडवे सैल होऊ नये म्हणून त्याला गुंडाळलेला दोरा. आणि घोट्यांपर्यंत सर्वत्र कापसाचे पांढरे तंतू चिकटलेले, इतके हलके की फुंकर घातली तर उडतील. वर जुनेरातल्या निऱ्या, कमरेपर्यंत आलेले शरीर... आणि त्याच्यावर खरवडून खरवडून खडबडीत झालेला रिकामा भाग.

"माह्यी माय," ते म्हणाले.

गिरजाबाई तायडे येथील एका जिनिंगमध्ये कामाला होत्या. कापसातून सरकी वेगळी करणारे जे यंत्र, त्याला रेचा म्हणतात. त्या रेच्यावर ओंजळी-ओंजळीने कापूस टाकण्याचे ते काम. वडील आधीच वारलेले, घरी सांभाळणारे कोणी नाही. म्हणून लहानग्या उत्तमला त्या सोबत नेत आणि पायांशी पोत्यावर बसवत. मुलगा शाळेत जाण्याच्या वयाचा होण्यापूर्वीच तापाने त्या गेल्या. छायाचित्र एकही नाही. आत्याने वाढवले, ती म्हणे, नाकीडोळी नीट होती, सावळी होती. एवढ्यावरून चित्र निघत नाही. उत्तमरावांपाशी स्वतःचे असे जे उरले होते, ते फक्त पोत्यावरून दिसणारे ते दोन पाय. "ते असे दिसतात मले, गुरुजी, आता दिसले असे. अन् वरते पाह्यलं का काईच नाई. आपल्या मायचं तोंड इसरनारा मानूस म्या." हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही की पडला नाही. एखाद्या जुन्या दुखण्याविषयी बोलावे तसे ते बोलले.

वर्षे गेली. प्रदर्शने झाली, नाव झाले, सेवानिवृत्ती झाली. ते खामगाव सोडून गेले नाहीत. कधी जिनिंगमधल्या बायका उभ्या करून, कधी सुजाताला समोर बसवून, कधी आरशात स्वतःला पाहून ते त्या रिकाम्या जागी मुख काढीत, चार दिवस त्याकडे पाहत आणि पात्याने खरवडून टाकीत. "हे बाई चांगली हाय, पन माह्यी कोनी नाई," असे म्हणत. मुंबईच्या प्रदर्शनात ते तसेच अपुरे चित्र एकदा लावले गेले, तेव्हा एका समीक्षकाने त्याला संपूर्ण कलाकृती म्हटले आणि एका संग्राहकाने ते मागितले. उत्तमराव मला सांगत होते, "म्या त्यायले म्हनलं, अर्धी माय कशी इकू?"

त्यांचे हृदय कमजोर झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले, त्यानंतर ही तळमळ वाढली. शिडीवर चढायचे नाही, दमायचे नाही, असे बजावले होते. हातालाही थोडा कंप येऊ लागला होता. एके दुपारी ते त्या कॅनव्हाससमोर नुसते बसलेले दिसले, तेव्हा मी माझ्या परीने समाधान करू पाहिले. म्हणालो, "उत्तमराव, ध्यान करणारा चरणांपासून आरंभ करतो आणि पुष्कळ थोरांची दृष्टी चरणांपाशीच स्थिरावली, पुढे गेलीच नाही. त्यात उणे काही नाही. तुम्ही चरणांपर्यंत पोहोचला आहात." त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या दृष्टीत राग नव्हता, पण माझे म्हणणे त्यांनी स्वीकारले नव्हते, हेही स्पष्ट होते. "तुमचं खरं असन, गुरुजी. पन मले देव नाई कराचा. माय कराची हाय." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "म्या मेलो तं हे पाय असेच उभे राहतीन. वरतून कोनीच नाई." मी पुन्हा ते समाधान कधी सांगितले नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास एका वृत्तपत्राने त्यांच्यावर लेख छापला, सोबत त्या पायांचे चित्र आणि खाली गिरजाबाईंचे नाव. काही दिवसांनी उत्तमरावांना सुलतानपूरहून, म्हणजे लोणार तालुक्यातून, एका तरुणाचा फोन आला. त्याची आजी सोनाबाई तरुणपणी खामगावला जिनिंगमध्ये होती. चित्र पाहिल्यापासून तिने घर डोक्यावर घेतले आहे, म्हणाला. उत्तमराव दुसऱ्याच दिवशी निघाले. प्रकृतीमुळे एकट्याने जाऊ देणे बरे नव्हते, म्हणून मी सोबत गेलो. चिखली, मेहकर असे करीत एसटीने आम्ही दुपारी सुलतानपूरला उतरलो. एवढ्या दूर आलोच आहोत, तर परतताना लोणारला देवदर्शन घेऊ, असा बेत मी मनाशी केला होता.

सोनाबाई अंगणात खाटेवर बसल्या होत्या. नजर मंद झालेली, आवाज मात्र खणखणीत. उत्तमराव पायांवर वाकले तसा त्यांनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "उत्त्या? अरे, इतका म्हतारा काऊन झाला बे?"

"तुयी वाट पाह्यली माय, तं झालो."

"अन् हे कोन संगं? भटजी घेऊन आला काय? म्या अजून मेली नाई, बापा!"

मी हसून म्हणालो, "मी यांचा मित्र, बाई. आज सुट्टीवर आहे." त्यांनी चहा टाकायला सांगितला. मग नातवाकडून ते चित्र असलेला मोबाइल घेऊन तो डोळ्यांना भिडवला. "हे गिरजीचे पाय. ही पाह्य करंगयी, कशी चढेल हाय. जोडव्याले दोरा म्याच देल्ला होता. बाजूबाजूनं काम केलं आमी. म्या नाई ओयखीन तं कोन ओयखीन?"

उत्तमराव खाटेशेजारी जमिनीवरच बसले होते. त्यांनी विचारले, "माय, तिचं तोंड कसं होतं? म्या इसरलो. लय जोर लावला, पन आठोत नाई."

सोनाबाईंनी मोबाइल नातवाकडे परत दिला. मग म्हणाल्या, "इसरशीन कसा? पाह्यलंच कुठी तूनं?"

आणि त्यांनी आपल्या लुगड्याचा पदर घेतला, नाकातोंडावरून आडवा नेला आणि मानेमागे करकचून गाठ मारली. कपाळावरून पुढे ओढलेले लुगडे आणि खाली हा बांधलेला पदर, यांच्यामध्ये फक्त दोन डोळे उरले. त्या पदराआडून त्या बोलू लागल्या, "रेच्यावर कापसाची रुई उडे. नाकात, तोंडात, सारी रुई. खोकून खोकून जीव जाये. सकायी दारातून आत पाय ठेवला का असं बांधाचं, ते सांजीले सोडाचं. सांजीले घरी जाये तवा अंधार. रॉकेल पुरवून वापरा लागे. भाकर टाकली का दिवा इझवला, तुले पोटाशी घेतलं अन् पडली. अंधारात काय दिसते? अरे, मलेच तिचं तोंड धड आठोत नाई. तुले कुठून आठोन?"

सोनाबाईंनी गाठ सोडली. "पन डोये पाह्यले असतीन तूनं. दिवसभर तुयाकडंच राहे. ओंजय उचलली का एक बार खाली पाहे, टाकली का एक बार पाहे. तू रांगत मशीनीखाली जाशीन म्हून. मुकादम बोंबले, 'गिरजे, हात चालव, डोये नोको चालवू!' अन् ते काय आयकते..."

चहा आला, तो निवला. उत्तमराव म्हणाले, "माय, अजून एक डाव बांध." त्यांनी पुन्हा पदर बांधला. उत्तमरावांनी पिशवीतली वही काढली नाही. ते नुसते पाहत राहिले, आणि म्हातारी पदराआडून म्हणाली, "आता सोडू काय? गरमते ना रे बाप्पा!"

लोणारचे दर्शन राहिले. मी विषयही काढला नाही. परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. चिखलीच्या अलीकडे केव्हातरी म्हणाले, "म्या इसरलो नोतो, गुरुजी." मी म्हणालो, "नाही, उत्तमराव." खामगाव येईपर्यंत ते हे आणखी दोनदा म्हणाले, आणि मीही तेच उत्तर दिले.

त्या हिवाळ्यात त्यांनी दुसरे काही केले नाही. शिडी वर्ज्य होती, म्हणून कॅनव्हास आडवा करून, कधी भिंतीशी तिरका लावून, थोडे थोडे काम चाले. कंप आला की थांबत, ओसरला की पुन्हा ब्रश घेत. मी क्वचित जाई, आणि दारातूनच परते. चित्र पूर्ण झाल्यावर त्यांनी निरोप पाठवला, तीच आमची शेवटची भेट.

चित्र भिंतीवर लावलेले होते, पण इतके खाली, की पावले जमिनीला टेकल्यासारखी वाटत. सारे जमिनीवर बसलेल्या लेकराच्या नजरेतून काढलेले: पाय मोठे आणि जवळ, निऱ्या उंच चढत गेलेल्या, ओंजळीत कापूस धरलेले हात, आणि वर, दूर, मस्तक. मुखावर आडवा पदर, मागे गाठ. सभोवती रुई उडते आहे. मी उभा राहून पाहत होतो. डोळ्यांच्या जागी मला समोरच्या खिडकीच्या उजेडाची चकाकी तेवढी दिसत होती. इकडे सरकलो, तिकडे सरकलो. उत्तमराव कोपऱ्यात हसत होते. चित्रासमोर जमिनीवर एक साधा लाकडी पाट ठेवलेला होता. त्याकडे बोट करून म्हणाले, "उभ्यानं नाई दिसत, गुरुजी. खाली बसा लागते."

माझ्या गुडघ्यांची अवस्था त्यांना ठाऊक होती. देवपूजाही मी कित्येक वर्षे चौरंगावर बसूनच करतो. मी म्हणालो, "उत्तमराव, खाली बसलो तर मला उठवायला गाव बोलवावे लागेल." ते म्हणाले, "मंग राहू द्या. घाई नाई. माय कुठी जात नाई आता." आम्ही चहा घेतला, जुन्या शाळेच्या, नामदेवच्या गोष्टी केल्या. निघताना ते दारापर्यंत आले. त्यांच्या चर्येवर असे स्वास्थ्य मी पूर्वी पाहिले नव्हते. त्यानंतर काही दिवसांतच सुजाताचा फोन आला.

त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्याला मी गेलो होतो. भन्तेजींनी वंदना सांगितली, माणसे बोलली. रहीमाबींचा मुलगा आला होता, सोनाबाईंचा नातूही. सारे जेवायला बसले तेव्हा सुजाता मला मागल्या खोलीत घेऊन गेली. रंगांच्या नळ्या, कोळसा, तरट, सारे जागच्या जागी. चित्रासमोरचा पाटही तसाच. "बाबांनी सांगून ठेवलंय, पाट हलवू नका म्हणून," ती म्हणाली. "गुरुजींचं बसायचं राहिलंय, म्हणायचे."

मी काठी भिंतीला टेकवली. सुजाताने एक हात धरला, दुसरा मी दाराच्या चौकटीवर ठेवला, आणि कण्हत, थांबत, कसाबसा त्या पाटावर टेकलो. क्षणभर गुडघ्यांतल्या कळेखेरीज काही जाणवेना. मग मान वर केली. खिडकीची चकाकी सरकून बाजूला गेली होती. बांधलेल्या पदराच्या वर, उडत्या रुईमधून, दोन डोळे खाली पाहत होते. कापूस हातात तसाच होता, तो टाकायचा राहिला होता. त्या डोळ्यांत थकवा होता, आणि त्या थकव्यातून मी कुठे सरकत तर नाही ना, हे पाहून घेण्याची काळजी होती. डोळे उत्तमरावांना आठवले होते की सुचले होते, हे मी त्यांना विचारले नव्हते. आता विचारावेसे वाटले नाही.

"दिसले का, गुरुजी?" सुजाताने मागून विचारले.

आयुष्यभर मी व्याकरणशुद्ध उत्तरे देत आलो. त्या पाटावर मात्र 'हो' म्हणायला माझ्या तोंडून उत्तमरावांच्या बोलीतले एवढेच आले, "हाव."

वाचकहो, आपल्या घरातील लहानग्यांवर अशीच काळजीची दृष्टी सदैव राहो. कामाच्या धबडग्यातून ज्यांनी आपल्याकडे पाहिले, त्यांचे स्मरण आपल्या घरी नांदो. आपले, आपल्या मुलाबाळांचे आणि आपल्या उंबऱ्यात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाचे कल्याण असो.